निओमट: टर्मिनलमधलं टपाल सांगलीच्या अडत पेढीला कितपत उपयोगी?

दिवसाला शे-दीडशे मेल, त्यातल्या निम्म्यांना बिलं आणि पावत्या जोडलेल्या, आणि दोन हंगामांपूर्वीच्या सौद्याचा कागद खरेदीदार फोनवर थांबलेला असतानाच काढून द्यायचा. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या पेढीचं टपाल साधारण असं असतं. या कामासाठी निओमटइतका चपळ आणि भरवशाचा मेल प्रोग्राम आमच्या माहितीत दुसरा नाही. पण दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. एक, मांडणी करताना अर्धा दिवस जातो आणि तो कुणीतरी मन लावून द्यावा लागतो. दुसरी, टर्मिनलमध्ये, म्हणजे निओमट ज्यात चालतो त्या नुसत्या अक्षरांच्या, कळांनी चालवायच्या खिडकीत, देवनागरी अजूनही नीट दिसत नाही. त्यावर उपाय आहेत आणि ते खाली सविस्तर दिले आहेत, पण ते मुद्दाम करावे लागतात.

हे परीक्षण डेबियन आणि उबंटू लिनक्सवर, मुख्यतः जीमेलचं खातं धरून केलं आहे. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टंकायची.

मट हा मूळ प्रोग्राम मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली लिहिला. २०१६ पासून रिचर्ड रसन यांच्या पुढाकाराने त्याची निओमट ही शाखा चालते. तिच्यात बाजूची फोल्डरपट्टी आणि नॉटमच या शोधयंत्राची जोड आधीपासून बसवलेली असते. दोन्ही फुकट आणि मुक्त आहेत. कळा जवळपास सारख्याच असल्यामुळे एक आला की दुसरा येतो. ब्राउझरचा एक टॅब जेवढी मेमरी खातो तेवढीही याला लागत नाही, म्हणून टॅली चालणाऱ्या यंत्राशेजारचं जुनं, बाजूला टाकलेलं यंत्र या कामाला पुरतं.

आधी एक समजून घ्या: निओमट स्वतः सगळं करत नाही. मेल दाखवणं, निवडणं, उत्तराची तयारी करणं एवढंच त्याचं काम. सर्व्हरवरून मेल उतरवायला एमबीसिंक, पाठवायला एमएसएमटीपी, शोधायला नॉटमच आणि एचटीएमएल मेलचा साधा मजकूर करून दाखवायला डब्ल्यूथ्रीएम. निओमट थेट आयमॅपवरही, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून, चालतो, पण मग नेट गेलं की सगळं बंद. मेल आपल्याच डिस्कवर उतरवणं यातच या मांडणीचं खरं मोल आहे, त्यामुळे थेट आयमॅपची वाट आम्ही सुचवत नाही. पाचही प्रोग्राम ॲप्टने, म्हणजे डेबियन-उबंटूच्या प्रोग्राम बसवायच्या कमांडने, मिळतात. एमबीसिंकचं पॅकेज मात्र आयसिंक या नावाने आहे. एमबीसिंक म्हणून शोधलंत तर सापडणार नाही.

पासवर्डपाशी बहुतेकांची गाडी पहिल्यांदा अडते. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. ती सोय गूगलने २०२२ च्या मे अखेरीस बंद केली. खात्यात आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायची, मग ॲप पासवर्ड तयार करायचा. तो १६ अक्षरांचा असतो आणि चार-चारच्या गटांत दिसतो. फाइलमध्ये लिहिताना मधल्या मोकळ्या जागा काढून टाका. पुढे कधी खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतो. ‘काल चालत होतं, आज ऑथेंटिकेशन फेल्ड येतंय’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं. आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांना सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड बंदच झाला आहे. तिथे ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी परवानगीच्या टोकनने ओळख पटवायची पद्धत, लागतं. त्यासाठीची पायथन स्क्रिप्ट मटसोबत येते, पण ती मांडणी नवख्याने एकट्याने करावी अशी नाही.

पासवर्ड उघडा लिहून ठेवू नका. जीपीजीने कुलूपबंद केलेल्या फाइलमधून तो काढून द्यायची सोय एमबीसिंकमध्ये ‘पासकमांड’ या सेटिंगने आणि एमएसएमटीपीमध्ये ‘पासवर्डइव्हॅल’ने होते. इथे एक छुपी अडचण आहे. जीपीजीचा एजंट, म्हणजे मागे चालू राहणारा त्याचा मदतनीस, त्या कुलपाचा परवलीचा शब्द वापरात नसेल तर ६०० सेकंदांत विसरतो, आणि वापरात असला तरी ७,२०० सेकंदांच्या पुढे धरत नाही. दर दहा मिनिटांनी आपोआप मेल उतरवायचं ठरवलं असेल तर सकाळी सगळं सुरळीत चालतं आणि दुपारपर्यंत गुपचूप थांबलेलं असतं, कारण परवलीचा शब्द विचारायला समोर पडदाच नसतो. एजंटच्या फाइलमध्ये दोन्ही मर्यादा ३६,००० केल्या की दहा तास, म्हणजे पेढीचा एक दिवस, निघतो.

एमबीसिंकच्या फाइलमध्ये होस्ट, पोर्ट ९९३ आणि टीएलएसचा, म्हणजे जोडणी कूटबद्ध करण्याचा, प्रकार लिहायचा. इंटरनेटवर सापडणारे जुने नमुने जसेच्या तसे उतरवू नका. त्यांत ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ असे शब्द असतात, आवृत्ती १.४ पासून त्यांच्या जागी ‘फार’ आणि ‘निअर’ आले. फार म्हणजे सर्व्हर, निअर म्हणजे आपली डिस्क. तसंच जुन्या ‘एसएसएलटाइप’चं आता ‘टीएलएसटाइप’ झालं आहे.

जीमेलची लेबलं इथे फोल्डर म्हणून दिसतात. ‘ऑल मेल’ हे फोल्डर वगळलं नाही तर प्रत्येक मेल दोनदा उतरतो आणि डिस्कवर दुप्पट जागा जाते. ‘पॅटर्न्स’ या ओळीत आधी सगळं घ्या, मग जीमेलचा चौकटी कंसातला गट वगळा आणि शेवटी त्यातले ‘सेंट मेल’ आणि ‘ट्रॅश’ तेवढे परत घ्या. खात्याची भाषा मराठी ठेवली असेल तर या खास फोल्डरांची नावंही मराठी होतात आणि पॅटर्न जुळत नाहीत. भाषा इंग्रजी करून टाकणं हा सोपा मार्ग. कधीतरी कुणी हौसेने ती परत मराठी केली की सिंक अडतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

पहिला आठवडाभर ‘सिंक पुल’ ठेवा, असा आमचा आग्रह आहे. यात फक्त सर्व्हरवरून आपल्याकडे येतं. आपल्या चुकीने सर्व्हरवरचं काही पुसलं जात नाही. हात बसला की मग दोन्ही बाजूंचं सिंक आणि ‘एक्सपंज बोथ’ चालू करा.

पुसण्याबद्दल आणखी एक. निओमटमध्ये स्मॉल डी दाबलं की मेलवर पुसण्याची खूण होते, मेल लगेच जात नाही. डॉलर दाबल्यावर जातो. तोवर स्मॉल यू दाबून खूण काढता येते, आणि काही बिनसलंय असं वाटलं तर स्मॉल एक्सने काहीही न बदलता बाहेर पडता येतं. पण इनबॉक्समधून आयमॅपने पुसलेला मेल जीमेलमध्ये मुळातून जात नाही. जीमेलची मूळ सेटिंग तो नुसता आर्काइव्ह करते, म्हणजे ‘ऑल मेल’मध्ये तो राहतोच. शेकडो मेल पुसूनही खात्यातली जागा का मोकळी होत नाही, याचं उत्तर हे. निओमटच्या ‘ट्रॅश’ या सेटिंगला जीमेलचं ट्रॅश फोल्डर जोडलं की पुसलेलं तिथे जातं आणि ३० दिवसांनी कायमचं निघतं.

पाठवण्याची बाजू त्या मानाने सोपी. एमएसएमटीपीला पोर्ट ५८७ दिलं तर स्टार्टटीएलएस (आधी साधी जोडणी, मग ती कूटबद्ध करणं) चालू हवं. ४६५ दिलं तर ते बंद हवं. ४६५ देऊन स्टार्टटीएलएस तसंच चालू राहिलं तर कोणतीही चूक न दाखवता प्रोग्राम नुसता थांबून राहतो: सर्व्हर कूटबद्ध बोलण्याची वाट बघत असतो, आपला प्रोग्राम साध्या अभिवादनाची. फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, ठेवा; आत पासवर्ड असेल आणि फाइल इतरांना वाचता येत असेल तर एमएसएमटीपी काम करायलाच नकार देतो. आणि जीमेल पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ‘सेंट मेल’मध्ये ठेवतं, म्हणून निओमटची ‘रेकॉर्ड’ ही सेटिंग रिकामी ठेवा. नाहीतर प्रत्येक पाठवलेला मेल दोनदा दिसेल.

नेट नसताना स्मॉल वाय दाबून मेल पाठवला तर एमएसएमटीपी चूक दाखवतो आणि निओमट तुम्हाला पाठवण्याच्या पडद्यावरच परत आणतो. लिहिलेलं कुठे जात नाही. तिथे कॅपिटल पीने तो बाजूला ठेवायचा आणि नंतर यादीवरून कॅपिटल आरने परत घ्यायचा. रोजचीच लाईट-नेटची रड असेल तर एमएसएमटीपीसोबत येणारी रांगेची स्क्रिप्ट, एमएसएमटीपीक्यू, लावून टाका. ती मेल अडवून ठेवते आणि नेट आलं की सोडता येतात.

आता मराठी.

टर्मिनल प्रत्येक अक्षर एका ठरावीक चौकटीत बसवतं. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं या चौकटीत मावत नाहीत. एक्सटर्म या जुन्या टर्मिनलमध्ये ‘किंमत’ या शब्दातली पहिली वेलांटी क च्या आधी न येता मागे लागते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त दिसतात, आणि विषयाच्या रकान्यात ओळी पुढेमागे सरकतात. आधी लोकेल, म्हणजे यंत्राची भाषा-लिपीची सेटिंग, यूटीएफ-८ आहे ना, ते पाहा. ‘लँग’ हे चल रिकामं असेल तर सरळ प्रश्नचिन्हंच दिसतील. त्यानंतर टर्मिनल बदला. एमएलटर्म हे भारतीय लिप्या लक्षात घेऊन बनवलेलं आहे आणि केडीईचं कॉन्सोलही एक्सटर्मपेक्षा खूपच बरं. तरीही छापील पानासारखी मराठी टर्मिनलमध्ये मिळणार नाही. यादीतला विषय ओळखू येतो एवढ्यावर समाधान मानायचं आणि लांब मराठी मेल वाचण्या-लिहिण्यासाठी वेगळी वाट धरायची.

लिहिण्यासाठीची वाट अशी. निओमट स्वतःचा संपादक आणत नाही. ‘एडिटर’ या सेटिंगमध्ये द्याल तो प्रोग्राम उघडतो. तिथे केट किंवा जीव्हिमसारखा खिडकीत उघडणारा संपादक द्या, म्हणजे अक्षरं नीट दिसतात आणि नेहमीचा मराठी कळफलकही चालतो. पण केटला ‘ब्लॉक’ आणि जीव्हिमला ‘एफ’ हा पर्याय न विसरता जोडा. तो नसेल तर संपादक खिडकी उघडून लगेच निओमटला ‘झालं’ असं सांगतो, फाइलमध्ये काहीच बदल दिसत नाही, आणि ‘अबॉर्टेड अनमॉडिफाइड मेसेज’ म्हणत मेल रद्द होतो. तुम्ही मात्र उघड्या खिडकीत लिहीतच बसलेले असता.

वाचण्यासाठी मेलकॅप ही फाइल लागते. तीत एचटीएमएलसाठी दोन ओळी द्या: पहिली ब्राउझरची, दुसरी डब्ल्यूथ्रीएमची आणि तिच्या शेवटी ‘कोपियसआउटपुट’ हा शब्द. ‘ऑटो_व्ह्यू’मध्ये एचटीएमएल टाकलं की निओमट मेल उघडताना आपोआप ‘कोपियसआउटपुट’वाली ओळ घेतो आणि साधा मजकूर दाखवतो, स्मॉल व्ही दाबून एचटीएमएलच्या भागावर एंटर मारलं की पहिली ओळ, म्हणजे ब्राउझर, उघडतो. ओळींचा क्रम उलटा झाला तर ब्राउझर कधीच उघडणार नाही.

ब्राउझरच्या ओळीत दोन खोड्या आहेत. फायरफॉक्स आधीच चालू असेल तर तो पत्ता स्वीकारून लगेच मोकळा होतो आणि निओमट आपली तात्पुरती फाइल पुसतो. पान उघडेपर्यंत फाइलच उरत नाही. कमांडच्या शेवटी पाच सेकंदांचा ‘स्लीप’ जोडला की भागतं. दुसरी खोडी उबंटूची. तिथला फायरफॉक्स स्नॅप पद्धतीने येतो आणि त्याला व्यवस्थेचं टेम्प फोल्डर दिसतच नाही, म्हणून स्लीप जोडूनही ‘फाइल नॉट फाउंड’ येत राहतं. निओमटचं तात्पुरतं फोल्डर घरच्या फोल्डरात एखाद्या साध्या नावाने करा. टिंबाने सुरू होणारं लपलेलं फोल्डर चालणार नाही. स्नॅपला तेही दिसत नाही.

काही कार्यालयं आणि छापखाने अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर पाठवतात. तो इथे निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग म्हणून दिसतो. यात निओमटचा दोष नाही आणि कोणतीही कॅरसेटची सेटिंग त्यावर चालणार नाही, कारण त्या फाइलीत खरोखरच रोमन अक्षरांचे संकेत भरलेले असतात. तो मजकूर रूपांतरकातूनच काढावा लागतो.

ओळ ७२ अक्षरांवर तोडायची टर्मिनलवाल्यांची जुनी सवय मराठी मेलसाठी सोडून द्या. मोबाइलवर वाचणाऱ्याला अशा मेलमध्ये एक ओळ पूर्ण, एक ओळ अर्धी असं दिसतं. परिच्छेद एका ओळीत लिहा. मोबाइल तो आपल्या रुंदीला बसवून घेतो.

मराठीसाठी आणखी दोन सेटिंग आम्हाला फार उपयोगी वाटल्या. उत्तराच्या वर येणारी ‘ऑन मंडे सो अँड सो रोट’ ही ओळ ‘ॲट्रिब्यूशन’मध्ये बदलता येते: तारखेचं चिन्ह, मग ‘रोजी’, मग नावाचं चिन्ह, मग ‘यांनी लिहिलं’. आणि ‘अबॉर्ट_नोअटॅच’ ही सेटिंग ‘आस्क-यस’ करून तिच्या जोडीच्या रेजेक्समध्ये, म्हणजे शब्द जुळवायच्या नमुन्यात, ‘सोबत’, ‘जोडल’, ‘पट्टी’, ‘बिल्टी’ हे शब्द उभ्या रेघेने वेगळे करून टाका. मग ‘सोबत पट्टी पाठवत आहे’ असं लिहून जोड विसरलात तर निओमट पाठवण्याआधी विचारतो. ‘जोडल’ असा अर्धवट शब्द मुद्दाम घेतला आहे, म्हणजे जोडले, जोडली, जोडलं सगळं पकडलं जातं. दिवसात पन्नास मेल धाडणाऱ्या मुनीमजींना या एकाच गोष्टीसाठी हा प्रोग्राम आवडेल.

रोजच्या कामात वेग कुठे मिळतो ते आता पाहू. समजा ईरोडच्या एका खरेदीदाराचे महिन्याभरातले, जोड असलेले मेल हवेत. स्मॉल एल दाबायचं आणि पॅटर्न लिहायचा: टिल्ड (~)-एफ आणि त्याचं नाव, टिल्ड-डी आणि ‘एका महिन्याच्या आत’ याचं चिन्ह, टिल्ड-एक्स आणि ‘१-’, म्हणजे एक किंवा जास्त जोडी. यातला एक्स कॅपिटल. यादी आखडून तेवढीच उरते. कॅपिटल टी आणि टिंब दाबलं की सगळ्यांवर खूण. मग अर्धविराम दाबून जी कळ दाबाल ती सगळ्या खुणेच्या मेलवर चालते: स्मॉल एसने सगळे त्या पार्टीच्या फोल्डरात, स्मॉल डीने सगळे पुसायला. अर्धविराम आणि उभी रेघ दाबून सगळे रिपमाइम या छोट्या प्रोग्रामकडे वळवले तर वीस मेलमधल्या वीस पीडीएफ एका फोल्डरात उतरतात. त्याआधी ‘पाइप_स्प्लिट’ चालू हवं. नाहीतर वीस मेल एकाच मेलसारखे गुंफले जातात आणि पहिल्याचीच जोड निघते. माउसने हेच काम किती क्लिकचं होतं ते मोजून पाहा. शेवटी परत स्मॉल एल आणि ‘ऑल’ म्हटलं की पूर्ण यादी येते. नवख्याला मेल ‘गायब’ झाल्यासारखे वाटतात ते बहुधा ही शेवटची पायरी राहिल्यामुळे.

मजकुरात शोधायला टिल्ड-बी आहे. त्याआधी ‘थरो_सर्च’ चालू असल्याची खात्री करा. बंद असेल तर निओमट मेलचा कच्चा, कूटबद्ध मजकूर तपासतो आणि मराठी शब्द कधीच सापडत नाही. कारण बघा: ‘हळद’ ही तीन अक्षरं यूटीएफ-८ मध्ये नऊ बाइट होतात आणि बेस-६४ या मेलसाठीच्या रोमन रूपांतरात बारा अक्षरं, त्या बारांत ‘हळद’ कुठेच नाही.

काही हजार मेलच्या पुढे मात्र नॉटमच हवाच. प्रत्येक सिंकनंतर ‘नॉटमच न्यू’ चालवायचं आणि निओमटमध्ये कॅपिटल एक्स दाबून प्रश्न द्यायचा. एप्रिल ते जून २०२३ मधले, अमुक पार्टीचे, पीडीएफ जोडलेले असा प्रश्न निमिषात सुटतो. नॉटमच पूर्ण शब्द जुळवतं आणि मराठीची विभक्ती त्याला कळत नाही, हे लक्षात घेऊन शोधा. ‘हळद’ शोधलं तर ‘हळदीचे दर’ मिळणार नाही. शेवटी तारा (*) लावून शोधलं तर मिळेल. जिथे शब्दाचं सामान्यरूप बदलतं तिथे तारा कुठे लावायचा याचा विचार करावा लागतो. ‘बेदाणा’ला तारा लावून ‘बेदाण्याचे’ सापडत नाही, कारण ण नंतर काना नसून जोडाक्षर येतं. ‘बेदाण’पाशी तारा लावला की दोन्ही येतात. पीडीएफच्या आतला मजकूर नॉटमच वाचत नाही, फक्त फाइलीचं नाव वाचतं. म्हणून ‘स्कॅन००१’ अशा नावाने पावत्या पाठवणाऱ्या पार्टीचं काही शोधणं कठीणच. आपल्या पेढीच्या पीडीएफच्या नावात तरी पट्टीचा क्रमांक आणि तारीख असू द्या.

पट्ट्या धाडणं हे काम या प्रोग्रामचं बळ सगळ्यात जास्त दाखवतं. सौदा झाल्यावर वजन, दर, हमाली, तोलाई, अडत वजा जाऊन शेतकऱ्याच्या नावे पट्टी निघते. पट्ट्यांच्या पीडीएफ एका फोल्डरात आणि पत्त्यांची साधी यादी दुसऱ्या फाइलमध्ये असेल, तर दहा ओळींची शेल स्क्रिप्ट सगळ्या पाठवून देते. एका पट्टीची कमांड अशी: मजकूर पाइपने द्यायचा, मग निओमट, वजा-एस आणि विषय, वजा-ए आणि फाइल, मग दोन वजा चिन्हं, आणि शेवटी पत्ता. ती दोन वजा चिन्हं गाळली तर निओमट पत्त्यालाही जोडायची फाइल समजतो आणि ती सापडत नाही म्हणून थांबतो. ही चूक इतकी सर्रास होते की कमांड आधी स्वतःच्याच पत्त्यावर चालवून पाहावी.

ती स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, रात्री चालवायची असेल तर पहिल्याच ओळीत लोकेल यूटीएफ-८ करा. क्रॉनचं वातावरण जवळपास रिकामं असतं. हाताने चालवताना बरोबर गेलेला ‘पट्टी क्रमांक’ हा विषय क्रॉनमधून प्रश्नचिन्हांची माळ होऊन जातो. दोन मेलमध्ये काही सेकंदांचा विसावा ठेवा. जीमेलच्या साध्या खात्याला दिवसाला ५०० मेलची मर्यादा आहे. ऐन हंगामात ती गाठली तर पुढचे मेल परत येतात आणि खातंही काही काळ पाठवू देत नाही.

जोडीच्या आकाराचं गणितही ध्यानात असू द्या. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण जोडलेली फाइल बेस-६४ मध्ये जाताना एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे खरी फाइल १८ एमबीच्या आसपासपर्यंतच चालते. राजापुरी हळदीच्या नमुन्याचे मोबाइलवर काढलेले चार-पाच एमबीचे फोटो असतील तर एका मेलमध्ये तीन ठेवा. चौथ्यावर मेल अडू शकतो. फोटो आधी लहान करून घेणं उत्तम.

पर्यायांबद्दल थोडक्यात. पेढीत कळा पाठ करायला कुणी तयार नसेल तर अल्पाइन पाहा. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ साली सुरू झालेल्या पाइनचा तो वारस आहे आणि प्रत्येक पडद्याच्या तळाशी चालणाऱ्या कळा लिहिलेल्या असतात. दोन दिवसांत हात बसतो. अर्क हा गो भाषेत लिहिलेला नवा प्रोग्राम टॅब उघडू देतो, ही सोय निओमटमध्ये नाही, आणि विम हा संपादक येणाऱ्याला तो लवकर आपलासा वाटेल. मात्र वर सांगितलेलं खुणेचं आणि पॅटर्नचं काम निओमटमध्ये जितकं सहज होतं तितकं या दोन्हींत होत नाही, म्हणून आमची पसंती निओमटलाच. ज्यांचं बहुतेक टपाल रंगीत तक्ते, चित्रं आणि मराठी परिपत्रकं असं आहे, त्या शाळा-संस्थांनी मात्र याच्या नादी लागू नये. त्यांना प्रत्येक मेल ब्राउझरमध्येच उघडावा लागेल आणि मग टर्मिनलचा फायदा काहीच उरत नाही.

शेवटी बॅकअप. उतरवलेले मेल मेलडिर पद्धतीने राहतात: प्रत्येक फोल्डरात ‘कर’, ‘न्यू’ आणि ‘टेम्प’ अशी तीन उपफोल्डरं, आणि एका मेलची एक फाइल. कोणताही प्रोग्राम नसला तरी ती फाइल उघडून वाचता येते. वाचलेला, उत्तर दिलेला, महत्त्वाचा या खुणा फाइलीच्या नावाच्या शेवटी अपूर्णविरामानंतर लिहिलेल्या असतात, आणि नेमका हाच अपूर्णविराम विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हला चालत नाही. मेलडिर सरळ पेनड्राइव्हवर ओढला तर चुकांचा पाऊस पडतो, आणि मेल मागेच राहतात. आधी टार करून एक फाइल बनवा, मग ती उतरवा. आणि तो पेनड्राइव्ह पेढीच्याच कपाटात ठेवू नका. २००५ आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी गणपती पेठेपर्यंत आलं होतं. बॅकअप विश्रामबागेला किंवा मिरजेला, उंचावरच्या घरी असू द्या, आणि महिन्यातून एकदा टार फाइल दुसऱ्या यंत्रावर सोडून दोन-चार मेल उघडून पाहा.